ग्वाल्हेर: एअरफोर्सचं क्वार्टर की डीडी नगरकडचा टू बीएचके? दोन्हीत राहून केलेला रिव्ह्यू

महाराजपुऱ्याला, म्हणजे ग्वाल्हेरच्या हवाई दलाच्या तळावर, पोस्टिंग आलं की पहिल्या महिन्यातच दोन प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणजे क्वार्टरच्या वेटिंग लिस्टमधे तुमचा नंबर कितवा ते छातीठोक सांगणारी, आणि दुसरी गोला का मंदिरच्या चौकाकडे छत्री लावून फ्लॅटची पॅम्फ्लेटं वाटणारी, ज्यांना समोरच्याच्या केसांची कटिंग बघूनच कळतं की हा फौजी आहे आणि ह्याला बँक लोन पटकन देते. मी दोन्हीकडे राहिलेय, आधी बरीच वर्षं निरनिराळ्या स्टेशनांवरच्या क्वार्टरांत आणि आता डीडी नगरच्या पुढे एअरपोर्ट रोडच्या बाजूच्या एका टाउनशिपमधे स्वतःच्या टू बीएचकेत, तर हा रिव्ह्यू दोन्हीचा आहे. बिल्डरचं नाव लिहिणार नाही, त्याच्याशी अजून एका भिंतीवरून बोलणं चालू आहे. ज्या जुन्या स्टेशनबद्दल रडगाणं गाणार आहे त्याचंही नाव नाही, आमचे हे अजून नोकरीत आहेत बाई.

आधी क्वार्टर. ज्यांनी कधी आत राहून बघितलं नाही त्यांना वाटतं फुकटात घर, अजून काय पाहिजे. भाडं वाचतं हे खरंय पण ते त्यातलं सगळ्यात छोटं सुख. खरं सुख असं की नळ गळायला लागला की रजिस्टरमधे लिहून यायचं, नवरा घरी असो की टीडीवर, म्हणजे बाहेरगावच्या तात्पुरत्या ड्यूटीवर, आणि माणूस येतो. कधी त्याच दिवशी, कधी चार दिवसांनी, कधी वॉशर नाही म्हणून नुसता बघून जातो, पण तो कोण आहे, खरंच प्लंबर आहे का, किती मागेल, एकटी असताना दार उघडू की नको असले प्रश्न पडत नाहीत, कारण तो गेटवर पास दाखवूनच आत आलेला असतो. रात्री पोराला ताप भरला तर सिक क्वार्टर्स, म्हणजे स्टेशनचा दवाखाना, चालत जाण्याएवढं जवळ, शेजारच्या भाभीचा नवरा गाडी काढतो, आणि पुढच्या महिन्यात तिचा नवरा बाहेर असतो तेव्हा आपला काढतो. ह्याचा हिशोब कोणी ठेवत नाही. शाळेची बस दारात, कॅन्टीन आत, मैदानावर संध्याकाळी सगळी पोरं एकत्र आणि त्यांच्यावर ओरडायचा हक्क सगळ्याच आयांना.

आता ते सुख घेताना सहन काय करायचं तेही सांगते. मार्च-इनच्या, म्हणजे क्वार्टरचा ताबा घ्यायच्या, दिवशी यादी हातात देतात, पंखे इतके, ट्यूबा इतक्या, गीझर एक, पडद्याचे रॉड अमुक, आणि जाताना त्या यादीप्रमाणे सगळं जागच्या जागी. भिंतीला खिळा ठोकायचा म्हणजे मनात हिशोब सुरू की हा परत बुजवायचाय. रंग एकच, तो पांढरट पिवळट, जो देशभरात कुठेही जा तुमच्या आधी तिथे पोचलेला असतो. किचनचा ओटा कोणाच्या उंचीचा धरून बांधतात ते मला आजतागायत कळलेलं नाही. एका जुन्या स्टेशनला तर बेडरूमच्या छताचं प्लास्टर पावसाळ्यात पोपडे धरून खाली यायचं, रजिस्टरमधे आमच्या एंट्र्यांनी पानं भरली, माणूस यायचा, बघायचा, मान हलवायचा आणि म्हणायचा की ही पूर्ण बिल्डिंगच आता स्पेशल रिपेअरच्या यादीत आहे, तोवर पलंग सरकवून घ्या. आम्ही सरकवला. आमच्यानंतर आलेल्यांनी दुसऱ्या बाजूला सरकवला असणार. नवी क्वार्टरं मात्र खूपच बरी आहेत, २००२ मधे मॅरिड अकोमोडेशन प्रोजेक्ट म्हणून जे सुरू झालं, तिन्ही दलांसाठी सुमारे दोन लाख घरं बांधायची ती योजना, त्यातली घरं मिळाली तर खोल्या मोठ्या, दोन बाथरूम, बाल्कनी, सगळं आहे. पण मिळाली तर. रोस्टरमधे नंबर लागेपर्यंत बाहेर भाड्यानं राहावंच लागतं, आणि नंबर लागल्यावर समोर जे येईल ते आपलं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, क्वार्टर कधीच तुमचं नसतं. हे सगळ्यांना माहीत असतं तरी दर वेळी पोस्टिंग ऑर्डर आली की पोटात गोळा येतोच. तीन-चार वर्षांत अंगणातला कढीपत्ता कमरेएवढा होतो आणि तो पुढच्या भाभीला देऊन यायचा.

तर मग घर घ्यावं का. इथे पॅम्फ्लेटवाला जे गणित सांगतो ते आधी मोडून काढते कारण त्याला आमच्या ओळखीतले बरेच जण भुलले. तो म्हणतो, "मॅडम, एचआरएमधेच ईएमआय निघतो." म्हणजे घरभाडं भत्त्यातच लोनचा हप्ता. निघत नाही. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदा ही सगळी वाय कॅटेगरीतली शहरं, म्हणजे सध्या बेसिकच्या, मूळ पगाराच्या, २० टक्के एचआरए, पुणे मुंबई दिल्लीसारख्या एक्स शहरांना ३० टक्के. समजा सार्जंटचं बेसिक ४०,४०० आहे, तर ग्वाल्हेरला एचआरए झाला ८,०८०. आणि ३० लाखांचं लोन २० वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता येतो २६ हजारांच्या आसपास, म्हणजे एचआरए तिसऱ्या हिश्शालाही पुरत नाही. वीस वर्षांत भरायचे होतात साडेबासष्ट लाखाला जरा कमी. शिवाय क्वार्टर रिकामं असताना तुम्ही आपल्या हौसेनं बाहेर राहिलात तर एचआरए मिळेलच असं धरून चालू नका, आधी आपल्या अकाउंट्समधे जाऊन विचारा, पॅम्फ्लेटवाल्याला नको. आणि क्वार्टरमधेच राहून फ्लॅट भाड्यानं द्यायचा म्हणाल तर आमच्या बाजूला टू बीएचकेचं भाडं साधारण हप्त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढंच येतं, उरलेलं खिशातून, वर भाडेकरू बदलला की रंग तुमचा.

माझी एक मावसबहीण अमेरिकेत असते, तिचा नवरा तिकडच्या आर्मीत, तिला हे सगळं फोनवर सांगितलं तर ती म्हणाली आमच्याकडे उलटं आहे. त्यांचा घरभत्ता बेसिकच्या टक्क्यांत नसतो, त्या त्या भागातलं भाडं किती ते बघून रँकप्रमाणे ठरतो, आणि तळावरचं घर घेतलं की तो अख्खा भत्ता घर चालवणाऱ्या खाजगी कंपनीकडे जातो, कारण १९९६ च्या कायद्यानंतर तिकडे तळावरची बहुतेक घरं खाजगी कंपन्यांच्या हातात गेली. घर विकत घ्यायचं तर १९४४ पासून चालत आलेलं, माजी आणि नोकरीतल्या सैनिकांसाठीचं व्हीए लोन आहे, त्यात बहुतेकांना डाउन पेमेंट लागतच नाही. म्हणून तिकडची जोडपी पंचविशीतच घर घेतात, बदली झाली की ते भाड्यानं देतात आणि पुढच्या गावी परत दुसरं घेतात. ते ऐकून आमचे हे फारच उत्साहात आले होते, मी म्हटलं अहो आपल्याकडे दहा-वीस टक्के तरी डाउन पेमेंट आणि वर रजिस्ट्रीचा खर्च, तेव्हा शांत बसले. सांगायचं म्हणजे यूट्यूबवरचे तिकडचे सल्ले इकडे लावू नका, तिकडचा भत्ता भाड्याच्या मागे मागे चालतो आणि आपला बेसिकच्या.

मग आम्ही घेतला कशाला? कारण ह्यांना नॉन-फॅमिली स्टेशन आलं, जिथे कुटुंब नेता येत नाही, आणि मोठीचं दहावीचं वर्ष. क्वार्टर काही काळ ठेवता येतं, त्याचे नियम आहेत, सेपरेटेड फॅमिलीसाठी वेगळी सोयही असते, पण ती मुदत कधी ना कधी संपतेच आणि दहावीच्या मधेच संपली तर काय. आणि दुसरं म्हणजे वय. सिव्हिलमधल्या लोकांच्या हे लक्षात येत नाही, २०२२ च्या अग्निपथ योजनेआधी भरती झालेल्या एअरमनची, म्हणजे ऑफिसर नसलेल्यांची, पहिली एंगेजमेंट २० वर्षांची असते, विसाव्या वर्षी भरती झालेला माणूस चाळीशीत पेन्शनवर येऊ शकतो, एक्स्टेंशन मिळत गेलं तर जास्तीत जास्त ५७. म्हणजे २० वर्षांच्या लोनचा अर्धा जन्म पगारावर आणि अर्धा पेन्शनवर. पेन्शन शेवटच्या पगाराच्या निम्मी. म्हणून हप्ता पगार बघून ठरवू नका, पेन्शन बघून ठरवा, किंवा मग कम्युटेशन (पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी घेणं) आणि ग्रॅच्युइटीचे पैसे आले की लोन फेडून मोकळं व्हायचं असं आधीच ठरवा. आमच्यात पेन्शनचा निम्मा भाग कम्यूट करता येतो, सिव्हिलवाल्यांना ४० टक्केच, पण तो पैसा पोरांच्या लग्नाला, गावच्या विहिरीला, दिराच्या ट्रॅक्टरला असा आधीच मनातल्या मनात वाटला गेलेला असतो, त्यामुळे नवरा-बायकोनं एकदा बसून नीट बोलून घ्या. डाउन पेमेंटसाठी आम्ही एएफपीपी फंडातून, म्हणजे फौजेतल्या प्रॉव्हिडंट फंडातून, काढले, घरासाठी काढता येतात, तेवढं लोन कमी झालं.

आता फ्लॅट. टाउनशिप दिसायला छान. गेट आहे, गार्ड आहे, बच्चे पार्टीसाठी घसरगुंडी आहे, एक देऊळ आहे जे ब्रोशरमधे नव्हतं आणि सगळ्यात आधी तेच पूर्ण झालं. हॉल मोठा, किचनचा ओटा माझ्या उंचीचा (मी उभी राहून मापून घेतला, मिस्त्री हसत होता, हसू दे), खिळे हवे तिथे ठोकलेत. भिंत निळी केली. नुसती निळी भिंत बघत चहा प्यायला काय वाटतं ते क्वार्टरात वर्षं काढलेल्या बाईलाच कळेल.

पण आवाज. मिराज लढाऊ विमानं इथे १९८५ पासून आहेत, ग्वाल्हेरचं सगळ्यांनाच माहीत आहे, आणि क्वार्टरमधे त्या आवाजाचं काही वाटत नाही कारण तो आपल्याच घरचा असतो. फ्लॅटमधे मात्र बिल्डरनं लावलेल्या सिंगल काचेच्या स्लायडिंग खिडक्या अशा थरथरतात की पाहुणे सोफ्यावरून उठून उभे राहतात. ब्रोकर घर दाखवायला रविवारीच बोलावतो, लक्षात ठेवा. तुम्ही वर्किंग डेला सकाळी जा, खिडक्या बंद करून हॉलमधे अर्धा तास बसा आणि मग ठरवा. आम्ही नंतर दोन काचांच्या यूपीव्हीसी खिडक्या बसवून घेतल्या, खर्च झाला पण ऑनलाइन क्लासचं काम भागलं. मार्च २०२४ मधे एअरपोर्टच्या नवीन टर्मिनलचं उद्घाटन झाल्यापासून ह्या रोडवरचा प्रत्येक सेल्समन "एअरपोर्ट फेसिंग" म्हणून वर पैसे मागतो, म्हणजे आवाज ऐकायचे पण पैसे आपणच द्यायचे.

आणि एअरफोर्सच्या भिंतीला लागून स्वस्त प्लॉट दाखवत असतील तर पळा. संरक्षण खात्याच्या जागेजवळ बांधकामाला अंतराचे आणि उंचीचे निर्बंध असतात, १९०३ चा वर्क्स ऑफ डिफेन्स ॲक्ट आहे त्यासाठी, आणि गुडगावला हवाई दलाच्या डेपोभोवतीच्या ९०० मीटरच्या पट्ट्यात घरं बांधून बसलेल्या लोकांचे वर्षानुवर्षं काय हाल झाले ते पेपरात आलेलंच आहे. गंमत म्हणजे असल्या प्लॉटला सगळ्यात आधी फौजीच फसतात, त्यांना वाटतं आपलीच भिंत आहे, आपल्याला कोण उठवणार.

पाणी. ग्वाल्हेरकरांना सांगायला नको, बाहेरून येणाऱ्यांसाठी सांगते. शहराला पाणी तिघरा धरणातून, सांक नदीवरचं, शिंद्यांच्या काळात बांधलेलं, शंभर वर्षं होऊन गेली त्याला. पाऊस कमी झाला की शहरात एक दिवसाआड नळ. टाउनशिपमधे बोअरचं पाणी आहे पण ते इतकं जड की गीझरची कॉइल पांढरी होते आणि डाळ शिजता शिजत नाही, पिण्यासाठी आरओ हवाच. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की बोअर दमतं आणि टँकर मागवावा लागतो, टँकरचे पैसे मेंटेनन्सच्या वर वेगळे. क्वार्टरमधे पाण्याची वेळ ठरलेली असायची, ते पण कमीच यायचं, पण टँकर कोणी मागवायचा आणि तिसऱ्या मजल्यावरच्या ज्यांनी पैसे दिले नाहीत त्यांना पाणी द्यायचं का ह्यावर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महाभारत होत नव्हतं.

आणि आता ती भिंत, जिच्यावरून बोलणं चालू आहे. पहिल्याच पावसाळ्यात मुलांच्या खोलीच्या कोपऱ्यात ओल आली. ऑफिसात गेले तर मॅनेजर म्हणाला, "मॅडम, सर आए तो बात करते हैं।" मी म्हटलं सर वर्षभर येणार नाहीत, माझ्याशीच बोला. मग म्हणे वरच्या फ्लॅटवाल्यांचा प्रॉब्लेम आहे, तुम्ही आपसात बघा. तेव्हा माझ्या काकांनी, ते रजिस्ट्री ऑफिसातून रिटायर झालेत, मला रेराच्या, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या, कायद्याचं कलम १४ काढून दाखवलं. २०१६ च्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय की पझेशनपासून पाच वर्षांच्या आत बांधकामात, कामाच्या दर्जात दोष निघाला तर बिल्डरनं ३० दिवसांत वेगळे पैसे न मागता दुरुस्त करून द्यायचा, नाही दिला तर भरपाई. मी ते कलम लिहून, फोटो लावून, ईमेल केला आणि रजिस्टर्ड पोस्टानंही पाठवला. पुढच्या आठवड्यात मिस्त्री आला. अर्धं काम करून गेला आहे, बाहेरच्या बाजूनं वॉटरप्रूफिंग राहिलंय, म्हणून म्हटलं बोलणं चालू आहे. पण आला. तोंडी भांडणारीला ते लोक महिनोन्महिने फिरवतात, कलम लिहून पाठवणारीला तेवढं नाही फिरवत.

ह्या सगळ्यात मला जे कळलं ते एवढंच की क्वार्टर चांगलं की घर चांगलं हे भिंती बघून ठरत नाही, नवरा नसताना काही बिघडलं तर कोण येतं त्यावर ठरतं. क्वार्टरमधे येणारा माणूस सरकारनं ठेवलेला असतो. स्वतःच्या घरात तो माणूस तुम्हालाच आधी तयार करून ठेवावा लागतो, आणि तो तयार नसेल तर तीन बाल्कन्या आणि क्लब हाउस असून काही उपयोग नाही. आमच्या ह्यांच्याबरोबरच्या एकांनी पुण्याला फ्लॅट घेतला, कारण मराठी फौजी म्हटलं की पुणे हे ठरलेलंच, आणि तो फ्लॅट आज कुलपात आहे, बायको-मुलं तिसऱ्याच गावी क्वार्टरमधे, पुण्यात कोणी ओळखीचं नाही, भाडेकरूनं सहा महिने भाडं थकवलं तेव्हा मागायला जायला माणूस नव्हता. आमच्या आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, म्हणणं होतं साताऱ्याकडे गावी बांधा, जमीन आपली आहे. जमीन आहे हो, पण मुलांची शाळा, ह्यांची पुढची नोकरी, हॉस्पिटल, सगळं बघायचं. ह्यांना आवडलं नाही, आईंना तर अजून नाही, पण मी ग्वाल्हेरवर अडून बसले कारण माझं माहेर इथेच, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, शिंदे की छावणीत, भाऊ स्कूटरवर अर्ध्या तासात येतो आणि काका कायदा काढून बसतात.

तसं बघितलं तर आपण ग्वाल्हेरचे मराठी लोक सगळे छावणीतलेच. १८१० मधे दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला तळ टाकला, तेच आजचं लष्कर, तो हलायचा राहूनच गेला, तंबूंच्या जागी वाडे उभे राहिले आणि आमच्या आजीपर्यंत सगळ्या बायका भाकरी वाढता वाढता "आपलं मूळ गाव कोकणात" असं सांगत राहिल्या, जे कोणी कधी बघितलं नाही. म्हणून आईंना मी हेच सांगते, आम्ही दोनशे वर्षांपूर्वीच्या पोस्टिंगवर अजून आहोत.

ज्यांना माझ्यासारखं माहेर जवळ नाही त्यांच्यासाठी, एअर फोर्स नेव्हल हाउसिंग बोर्डाच्या किंवा आर्मीवाल्यांच्या एडब्ल्यूएचओ ह्या घरबांधणी संस्थेच्या स्कीम बघा, जल वायु विहार नावानं ज्या कॉलन्या नोएडा, खारघर वगैरे ठिकाणी आहेत त्या एअर फोर्स नेव्हल बोर्डाच्याच. तिथे शेजारी सगळे आपल्यासारखेच, त्यामुळे येणारं माणूस मिळतं. तोटा हा की स्कीम जिथे निघेल तिथेच घ्यायचं, तुम्हाला हवं त्या शहरात निघेलच असं नाही, आणि पैसे भरल्यापासून ताबा मिळेपर्यंत धीर लागतो.

रेटिंगच हवं असेल तर नोकरीत असताना, पोरं लहान असताना, क्वार्टरला पाचपैकी चार, एक स्टार त्या ओट्याला आणि पलंग सरकवण्याला कापला. फ्लॅटला तीन. पाण्याचा एक आणि खिडक्या-भिंतीचा एक गेला, निळ्या भिंतीमुळे अर्धा परत देणार होते पण वॉटरप्रूफिंग झाल्यावरच देईन. टाउनशिपच्या मेंटेनन्सवाल्या पोरांना मात्र वेगळे चार, लिफ्ट बंद पडली की फोन उचलतात आणि "आंटी पाँच मिनट" म्हणून खरंच पंधरा मिनिटांत येतात.

घ्यायचंच ठरवलं असेल तर कागदांचं बघा, कारण ऐन वेळी नवरा हजर नसतो. आम्ही ह्यांच्या सुट्टीतच सगळं बसवायचं म्हणत होतो आणि सुट्टी कॅन्सल झाली, ते तर होणारच होतं. म्हणून ह्यांनी जायच्या आधी माझ्या नावानं स्पेशल पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी करून ठेवली होती, नुसती जनरल नाही, त्यात फ्लॅटचा नंबर, बँकेचं लोन, रजिस्ट्री, पझेशन, वीज कनेक्शन, नामांतरण असं एकेक काम लिहिलेलं, कारण बँकेचा वकील जे लिहिलेलं नाही ते करू देत नाही. मध्य प्रदेशात ऑक्टोबर २०२४ पासून संपदा २.० ही ऑनलाइन रजिस्ट्रीची सोय चालू आहे, काही दस्तांचं काम व्हिडिओ केवायसीवर होतं, तुमच्या दस्ताला ते चालतं का हे दस्त तयार करून देणाऱ्या सर्व्हिस प्रोव्हायडरला आधीच विचारून घ्या. फ्लॅट दोघांच्या नावावर घ्या आणि लोनही जॉइंट, म्हणजे जुन्या टॅक्स रेजीममधे असाल तर व्याजाची दोन-दोन लाखांपर्यंतची सूट दोघांना आपापल्या हिश्शाप्रमाणे मिळते, अर्थात बायकोचं उत्पन्न असेल आणि हप्ता तीही भरत असेल तरच. रेरा नंबर साइटवर स्वतः टाकून बघा, बोर्डावर लिहिलेला खरा मानू नका, टीएनसीपीचा (नगररचना खात्याचा) नकाशा आणि डायव्हर्शनचा, म्हणजे जमिनीचा वापर बदलल्याचा, कागद मागा. कंप्लीशन सर्टिफिकेट झालेला रेडी फ्लॅट घेतला तर जीएसटी नाही, बांधकाम चालू असलेल्याला साधारणपणे ५ टक्के, स्वस्त घरांच्या कॅटेगरीत बसला तर १. आणि बिल्डरच्या ऑफिसात पहिल्याच दिवशी तुमचा स्वतःचा मोबाइल नंबर आणि ईमेल प्रायमरी म्हणून लिहून घ्यायला लावा, ह्यांचा नाही, नाहीतर पझेशनची नोटीस अशा जागी जाऊन पडते जिथे रेंज नसते.